ऊब, उजेड आणि घर : स्टॉकहोममधील लोकप्रिय गृहसजावट शैलींचा सामाजिक इतिहास (१७६७ ते १९७५)

प्रास्ताविक

राजवाडे, प्रार्थनास्थळे आणि सार्वजनिक इमारती यांच्या वास्तुशैलीचा अभ्यास इतिहासकारांनी विपुल प्रमाणात केला आहे. त्या तुलनेत सामान्य नागरिकाच्या घराच्या अंतर्भागाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी बरीच उशिरा विकसित झाली. घरातील खुर्ची, पडदा, शेगडी, दिवा, भिंतीचा रंग या बाबी वैयक्तिक आवडीनिवडीच्या मानल्या गेल्यामुळे त्यांची चर्चा सजावटीच्या पुस्तकांपुरती मर्यादित राहिली. वस्तुतः घराच्या अंतर्भागात त्या त्या समाजाचे अर्थकारण, इंधनाची उपलब्धता, वर्गरचना आणि राज्यसंस्थेची धोरणे यांचे ठसे उमटलेले असतात.

अतिथंड हवामानाच्या शहरात हे ठसे अधिक ठळक दिसतात. अशा शहरात वर्षातील बराच काळ माणसाला घरातच व्यतीत करावा लागतो आणि घर उबदार ठेवणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हे अशा शहराचे उत्तम उदाहरण होय. फिकट भिंती, हलके लाकडी फर्निचर, मोकळ्या खिडक्या आणि साधेपणा ही वैशिष्ट्ये असलेली शैली आज 'स्कॅंडिनेव्हियन' या नावाने जगभर ओळखली जाते. ही शैली म्हणजे उत्तरेकडील लोकांच्या उपजत अभिरुचीचा आविष्कार होय, असा एक सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत निबंधात या समजाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. ऊब कशी टिकवावी, उजेड कसा वाढवावा आणि अपुरी जागा कशी वाटून घ्यावी, या तीन प्रश्नांना निरनिराळ्या कालखंडांत मिळालेली उत्तरे म्हणजेच स्टॉकहोममधील गृहसजावटीच्या शैली होत, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे. ही उत्तरे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद या इतिहासात सातत्याने आढळतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

स्टॉकहोम हे शहर सुमारे ५९ अंश उत्तर अक्षांशावर, मालारेन सरोवर आणि बाल्टिक समुद्र यांच्या संगमावर वसले आहे. डिसेंबर महिन्यात येथे दिवसाचा कालावधी जेमतेम सहा तासांचा असतो आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे सात अंशच वर येतो. जानेवारी व फेब्रुवारीत सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या खाली राहते. याउलट जूनमध्ये दिवस अठरा तासांहून मोठा असतो. म्हणजे येथील घराला वर्षातून दोन परस्परविरुद्ध भूमिका पार पाडाव्या लागतात. हिवाळ्यात आतील ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, पण बाहेरून मिळणारा थोडासा उजेड मात्र आत घ्यायचा. मोठी खिडकी उजेड देते आणि ऊब घालवते. लहान खिडकी ऊब राखते आणि घर काळोखे करते. पुढील दोन शतकांतील स्थित्यंतरे समजून घेण्यासाठी हा मूलभूत पेच लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

सरपणाचा तुटवडा आणि १७६७ ची शेगडी

अठराव्या शतकाच्या मध्यास स्वीडनसमोर इंधनटंचाईचे संकट उभे राहिले होते. लोखंड ही देशाची प्रमुख निर्यात होती आणि लोखंडाच्या भट्ट्यांना प्रचंड प्रमाणात लोणारी कोळसा लागत असे. घरोघरी जळणारे सरपण आणि भट्ट्यांना लागणारा कोळसा या दोन्हींचा भार एकाच जंगलावर पडत होता. त्यातच घरातील उघड्या शेकोटीची बहुतांश उष्णता धुराड्यावाटे बाहेर निघून जात असे. या परिस्थितीत सरपणाची बचत करणारी शेगडी तयार करण्याची कामगिरी शासनाने कार्ल योहान क्रोनस्टेट आणि फाबियान व्रेडे यांच्यावर सोपविली. त्यांची रचना १७६७ मध्ये प्रसिद्ध झाली.

या रचनेचे तत्त्व साधे होते. धूर सरळ धुराड्यात न सोडता विटांच्या आतील अनेक उभ्या मार्गांतून खालीवर फिरविला जाई. या प्रवासात धुरातील उष्णता विटांमध्ये शोषली जाई आणि नंतर कित्येक तास हळूहळू खोलीत पसरत राही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जाळ केला की दिवसभराची सोय होत असे. जाळ पूर्ण विझल्यावर धुराड्याची झडप बंद करावी लागे. ती घाईने बंद केल्यास विषारी वायू खोलीत साठून प्राणावर बेतण्याचा धोका असे. बाहेरून चकचकीत फरशांनी मढविलेल्या या उंच शेगडीला स्वीडिश भाषेत 'काकेलुग्न' म्हणतात. स्टॉकहोममधील रोरस्ट्रांड (स्थापना १७२६) आणि मारिएबेर्य (स्थापना १७५८) या मातीकामाच्या कारखान्यांत सजावटीच्या वस्तू तयार होत, त्यांत या शेगड्यांनाही महत्त्वाचे स्थान होते.

गृहसजावटीच्या दृष्टीने या शोधाचे परिणाम दूरगामी ठरले. उघड्या शेकोटीभोवती दाटीवाटीने बसण्याची गरज संपली. शेगडी खोलीच्या कोपऱ्यात सरकली आणि खोलीचा संपूर्ण विस्तार हिवाळ्यातही वापरण्याजोगा झाला. धुराची काजळी कमी झाल्यामुळे फिकट रंगांच्या भिंती आणि कापडे टिकू लागली. अर्थात प्रारंभी ही सोय सरदार व धनिक व्यापारी यांच्यापुरतीच होती. शेगडी पेटविण्यासाठी पहाटे उठणारी मोलकरीण हा या उबदार खोलीचा अदृश्य घटक होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

गुस्तावियन शैली : उजेडाचे गुणाकार

राजा तिसरा गुस्ताव (कारकीर्द १७७१ ते १७९२) याच्या काळात फ्रान्समधील नवअभिजात शैलीचा प्रभाव स्टॉकहोमवर पडला. १७७१ मध्ये वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली तेव्हा गुस्ताव पॅरिसमध्येच होता. फ्रेंच दरबाराचा थाट त्याला प्रिय होता. परंतु स्टॉकहोममध्ये आल्यावर त्या शैलीला स्थानिक वळण मिळाले. सोनेरी मुलामा आणि महागडे लाकूड यांच्या जागी स्थानिक लाकूड आणि त्यावर करड्या, पांढऱ्या वा फिकट निळ्या रंगाचा हात आला. सरळ, निमुळत्या पायांच्या खुर्च्या, चौकड्यांच्या सुती वा तागी कापडाच्या गवसण्या आणि रुंद फळ्यांची, घासून स्वच्छ केलेली लाकडी जमीन ही या शैलीची लक्षणे होत. शहराच्या उत्तरेस हागा येथे उभारलेल्या राजाच्या लहानशा प्रासादात लुई मास्रेलिए याने केलेली सजावट या शैलीचा राजेशाही नमुना मानली जाते, तर राजदरबारचा सुतार गेओर्ग हाउप्ट याचे फर्निचर तिच्या कारागिरीचा मानदंड ठरले.

या शैलीतील आरशांचे स्थान विशेष विचार करण्यासारखे आहे. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर उंच आरसा लावीत, जेणेकरून दिवसाचा उजेड खोलीत परावर्तित होई. भिंतीवरील मेणबत्तीच्या मागेही आरशाची पाटी असे. त्यामुळे एका ज्योतीच्या दोन ज्योती भासत. मेणबत्त्या महाग असलेल्या काळात हा केवळ थाटाचा भाग नव्हता. फिकट रंग, आरसे आणि झुंबरातील काचेचे लोलक या सर्वांचा उद्देश उपलब्ध उजेड वाढविणे हाच होता. पुढे सौम्य आणि अभिजात अभिरुची म्हणून गौरविल्या गेलेल्या या रंगसंगतीच्या मुळाशी हिवाळ्यातील काळोखाशी चाललेला झगडा होता, असे म्हणता येईल.

दगडी शहर आणि दुभंगलेले घर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात औद्योगिकीकरणामुळे स्टॉकहोमची लोकसंख्या झपाट्याने वाढली. १८५० मध्ये सुमारे ९३,००० असलेली लोकसंख्या १९०० मध्ये ३ लाखांवर गेली. १८६६ च्या लिंडहागेन आराखड्याने शहराच्या विस्ताराला दिशा दिली आणि रुंद रस्त्यांच्या दुतर्फा चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या. १८५३ पासून गॅसचे दिवे आणि १८९२ पासून सार्वजनिक वीजकेंद्राची वीज शहरात उपलब्ध झाली. याच काळात फरशांची शेगडी कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्याने मध्यमवर्गीय सदनिकांतही ती सर्रास आढळू लागली.

इंधन आणि दिवे सुलभ झाल्याबरोबर अभिरुचीही बदलली, ही गोष्ट लक्षणीय आहे. ऑस्टरमाल्मसारख्या संपन्न भागातील दिवाणखाने गडद रंगांनी, मखमली गाद्यांनी, झालरींच्या जाड पडद्यांनी आणि कुंडीतील ताडांनी भरून गेले. रस्त्याच्या बाजूला दिवाणखाना, भोजनगृह आणि घरमालकाची अभ्यासिका; मागील अंगणाच्या बाजूला स्वयंपाकघर आणि मोलकरणीची अरुंद खोली, अशी सदनिकेची विभागणी असे. या अभिरुचीचे टोक हालविल प्रासादात पाहावयास मिळते. इसाक गुस्ताव क्लासॉन या वास्तुविशारदाने १८९३ ते १८९८ या काळात बांधलेल्या या वास्तूत निरनिराळ्या ऐतिहासिक शैलींची दालने आहेत. परंतु त्याच वास्तूत वीज, केंद्रीय तापनव्यवस्था, स्नानगृह आणि दूरध्वनीही होते. नवे तंत्रज्ञान जुन्या वेषात दडवून ठेवणे हे या पिढीच्या धनिकवर्गाचे वैशिष्ट्य होते. ही वास्तू १९२० मध्ये शासनाला दान करण्यात आली व १९३८ पासून ती संग्रहालय म्हणून खुली आहे.

कामगारांच्या घरात याच्या नेमके उलट चित्र होते. एक खोली आणि स्वयंपाकघर, किंवा कित्येकदा चूल असलेली एकच खोली, एवढीच जागा अख्ख्या कुटुंबाच्या वाट्याला येत असे. भाडे परवडावे म्हणून त्यातही पोटभाडेकरू ठेवले जात. बिडाची चूल हीच अन्न शिजविण्याची आणि ऊब मिळविण्याची एकमेव सोय असल्याने सारे कुटुंब तिच्याभोवती राही. रात्री ओढून रुंद करता येणारा लाकडी बाक हाच पलंग बने. थंडीच्या प्रारंभी खिडकीला आतून दुसरी चौकट बसवून फटी कागदाच्या पट्ट्यांनी चिकटवीत आणि दोन काचांमध्ये कापूस व सुकी फुले ठेवीत. कापूस ओल शोषून घेई आणि फुलांनी बंद खिडकीला शोभा येई. उपयुक्तता आणि सौंदर्य यांचा असा मेळ गरिबांच्या घरातही होता, याकडे पुढील काळातील सुधारकांचे पुरेसे लक्ष गेले नाही.

'सर्वांसाठी सौंदर्य' : सुधारकांचा प्रवेश

१८९० च्या दशकात गडद दिवाणखान्याविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. तिचे दोन प्रमुख स्रोत होते. पहिला स्रोत चित्रकार कार्ल लार्सन आणि त्यांची पत्नी कारिन यांचे दालार्ना प्रांतातील सुंदबोर्न या खेड्यातील घर. हे घर राजधानीपासून दूर असले तरी त्याची जलरंगातील चित्रे १८९७ च्या स्टॉकहोम प्रदर्शनात मांडली गेली आणि १८९९ मध्ये 'एक घर' या अर्थाच्या शीर्षकाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यामुळे शहरी मध्यमवर्गापुढे एक नवा आदर्श उभा राहिला. रंगविलेले साधे फर्निचर, हातमागावरील कापडे, पडद्यांचा भार नसलेल्या आणि कुंड्यांनी सजलेल्या खिडक्या हे त्या घराचे विशेष होते. त्यातील वस्त्रे आणि अनेक वस्तू यांची कल्पना कारिन लार्सन यांची होती. त्या स्वतः प्रशिक्षित चित्रकार होत्या. मात्र त्यांच्या कार्याची स्वतंत्र दखल फार उशिरा घेतली गेली.

दुसरा स्रोत म्हणजे लेखिका व शिक्षणविचारक एलेन केय (१८४९–१९२६) यांचे लेखन. स्टॉकहोममधील कामगार शिक्षण संस्थेत त्यांनी दीर्घकाळ व्याख्याने दिली होती. १८९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सर्वांसाठी सौंदर्य' या अर्थाच्या पुस्तिकेत त्यांनी असे प्रतिपादन केले की सौंदर्याचा संबंध किमतीशी नसून वस्तू आपले काम किती चोख करते याच्याशी आहे. दिखाऊ आणि भपकेबाज वस्तूंपेक्षा साध्या, उपयुक्त वस्तू कामगाराच्याही आवाक्यात असतात आणि सुंदर परिसरात राहणारा माणूस अधिक समाधानी होतो, अशी त्यांची धारणा होती. या विचाराने सौंदर्याला लोकशाहीच्या कक्षेत आणले. त्याच वेळी सौंदर्य म्हणजे काय हे सुशिक्षितांनी ठरवावे आणि कामगारांनी शिकावे, असे एक गृहीतकही त्यात दडलेले होते.

हे गृहीतक १९१७ मध्ये कसोटीस लागले. पहिल्या महायुद्धात स्वीडन तटस्थ होता; तरीही घरबांधणी मंदावल्यामुळे स्टॉकहोममध्ये निवासाची तीव्र टंचाई निर्माण झाली होती. अशा वेळी स्वीडिश कारागिरी संघटनेने (स्थापना १८४५) लिलियेवाल्क्स कलादालनात गृहप्रदर्शन भरविले. लहान सदनिकांच्या २३ सजविलेल्या नमुना खोल्या त्यात होत्या. गुन्नार आस्प्लुंड यांनी मांडलेले स्वयंपाकघर-नि-बैठक आणि कार्ल माल्मस्टेन यांच्या खोल्या यांची बरीच प्रशंसा झाली. विल्हेल्म कोगे यांनी गुस्ताव्सबेर्य कारखान्यासाठी तयार केलेला निळ्या लिलीच्या नक्षीचा भांड्यांचा संच कामगार कुटुंबांसाठी योजला होता. तथापि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला त्यांनी या संचाकडे फारसे लक्ष दिले नाही. तो विकत घेतला मुख्यतः सुशिक्षित मध्यमवर्गाने. कामगाराच्या दृष्टीने साधेपणा ही रोजच्या नाइलाजाची गोष्ट होती. तिला मूल्य मानण्याची चैन मध्यमवर्गालाच परवडणारी होती. १९१९ मध्ये ग्रेगोर पॉलसॉन यांनी 'अधिक सुंदर नित्योपयोगी वस्तू' ही घोषणा पुस्तिकेद्वारे मांडली, तेव्हा त्यांनी कलावंत आणि कारखाने यांच्या सहकार्यावर भर दिला. परंतु ग्राहकाच्या पसंतीचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

१९३० चे प्रदर्शन आणि कार्यवादाचा विजय

मे ते सप्टेंबर १९३० या काळात यूरगोर्डेन परिसरातील खाडीकाठी भरलेले स्टॉकहोम प्रदर्शन हे या इतिहासातील निर्णायक वळण होय. पॉलसॉन त्याचे प्रमुख संयोजक तर आस्प्लुंड मुख्य वास्तुविशारद होते. काच, पोलाद आणि पांढरे पृष्ठभाग यांनी नटलेल्या या प्रदर्शनास सुमारे ४० लाख भेटी नोंदविल्या गेल्या. पुढील वर्षी आस्प्लुंड, वोल्टर गान, स्वेन मार्केलियुस, पॉलसॉन, एस्किल सुंडाल आणि ऊनो ओरेन या सहा जणांनी 'स्वीकारा' या अर्थाच्या शीर्षकाचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. यंत्रयुगाचे वास्तव स्वीकारून त्यातूनच नवे घर घडवावे, हे त्याचे सार होते. लोकांनी या कार्यवादी शैलीला 'फुंकिस' असे सुटसुटीत नाव दिले. माल्मस्टेन यांच्यासारख्या हस्तकलेच्या पुरस्कर्त्यांनी तिला कडाडून विरोध केला. यंत्रनिर्मित घरात माणसाला जिव्हाळा लाभणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता.

कार्यवादाचा प्रसार केवळ जाहीरनाम्यामुळे झाला नाही. पेर आल्बिन हान्सॉन यांनी १९२८ मध्ये मांडलेली 'लोकगृह' ही राजकीय कल्पना, म्हणजे देश हे सर्वांना समान वागणूक देणारे एक घर असावे ही संकल्पना, १९३२ नंतर सत्तेवर आलेल्या सोशल डेमोक्रॅटिक शासनाने प्रत्यक्ष गृहनिर्माणात उतरविली. १९३० च्या दशकात हामार्ब्यूहॉयडेन, त्रानेबेर्य यांसारख्या उपनगरांत कमी खोलीच्या, अरुंद इमारती उभ्या राहिल्या. अशा इमारतीत सदनिकेला समोरून आणि मागून, दोन्ही बाजूंनी उजेड व हवा मिळे. केंद्रीय तापनव्यवस्थेमुळे खिडकीखाली रेडिएटर आला, गार हवेचा झोत थोपविला गेला आणि मोठ्या खिडकीचा खर्च परवडू लागला. ऊब की उजेड हा जुना पेच येथे प्रथमच सामान्य भाडेकरूच्या घरात सुटला. शेगडीचा कोपरा रिकामा झाला. खिडकीची फळी हे घराचे नवे केंद्र बनले. तिच्यावर कुंड्या आणि पुढे लहान दिवे मांडण्याची पद्धत रूढ झाली. नाताळपूर्व आठवड्यांत खिडकीत ठेवला जाणारा विजेचा त्रिकोणी दीपस्तंभही १९३० च्या दशकात प्रचारात आला.

या काळातील एक धाडसी प्रयोग म्हणजे १९३५ मध्ये स्वेन मार्केलियुस आणि आल्वा मिर्दाल यांच्या कल्पनेतून साकारलेली सामूहिक निवासाची इमारत. लहान सदनिका, तळमजल्यावर सामाईक स्वयंपाकघर व शिशुगृह आणि जेवण वर पोहोचविणारी लहान लिफ्ट अशी तिची रचना होती. नोकरी करणाऱ्या स्त्रीला घरकामातून मुक्त करणे हा तिचा हेतू होता. आल्वा मिर्दाल या १९५५ ते १९६१ या काळात स्वीडनच्या भारतातील राजनैतिक प्रतिनिधी होत्या आणि त्यांचे पती गुन्नार मिर्दाल यांचा 'एशियन ड्रामा' (१९६८) हा ग्रंथ भारतीय अभ्यासकांना सुपरिचित आहे. १९३४ मध्ये या दांपत्याने लिहिलेल्या लोकसंख्याविषयक पुस्तकाने निवास हा सामाजिक धोरणाचा विषय आहे हे ठसविले होते. सामूहिक निवासाची कल्पना मात्र सार्वत्रिक झाली नाही; तिचा लाभ प्रामुख्याने सुशिक्षित, विचाराने पुढारलेल्या कुटुंबांनी घेतला.

राखीव खोलीचा प्रश्न

१९३० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४० च्या दशकात संशोधकांनी स्टॉकहोममधील लहान सदनिकांत प्रत्यक्ष जाऊन राहणीमानाची पाहणी केली. ब्रिता ओकेरमान यांचा या विषयावरील ग्रंथ १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. या पाहण्यांतून एक गोष्ट पुढे आली. नव्या, उजळ सदनिकेत राहायला आलेली अनेक कुटुंबे स्वयंपाकघरातच दाटीवाटीने झोपत आणि उत्तम फर्निचर असलेली खोली पाहुण्यांसाठी, सणासुदीसाठी राखून ठेवीत. स्वीडिश भाषेत अशा खोलीला 'फिनरुम' म्हणजे 'चांगली खोली' म्हणतात. वास्तुविशारदांच्या दृष्टीने ही प्रथा अविवेकी आणि आरोग्यास घातक होती. तिचे उच्चाटन करण्यासाठी व्याख्याने, पुस्तिका आणि अभ्यासवर्ग यांचा अवलंब केला गेला.

या प्रथेचा केवळ अज्ञान म्हणून निकाल लावणे योग्य ठरत नाही. चुलीच्या काळात एकच खोली तापविणे परवडत असे. म्हणून कुटुंब स्वयंपाकघरात एकवटणे हा इंधनाचा काटेकोर हिशेब होता. केंद्रीय तापनव्यवस्था आल्यावर तो हिशेब संपला, तरी प्रथा टिकून राहिली. याचा अर्थ तिला दुसरेही कारण होते. बारसे, अंत्यविधी, नातलगांची भेट अशा प्रसंगी कुटुंबाची प्रतिष्ठा राखणारी ती जागा होती. दिवसभर दुसऱ्याच्या हुकमतीखाली राबणाऱ्या माणसाच्या घरात निदान एक खोली कामाच्या आणि दाटीच्या खुणांपासून मुक्त असे. सुधारकांनी चौरस मीटर मोजले. कुटुंबांनी त्या मीटरांना दिलेला अर्थ त्यांच्या मोजमापात आला नाही.

तरीही सुधारकांची चिंता निराधार नव्हती. पाच-सहा माणसे एका स्वयंपाकघरात झोपत असताना क्षयासारख्या रोगांचा प्रसार सहज होत असे आणि मुलांना अभ्यासाला जागा नसे. त्यामुळे वादाचे खरे उत्तर उपदेशाऐवजी अधिक जागा देण्यात होते. १९४० च्या दशकात शासनाने स्वीकारलेल्या दाटीच्या मानकानुसार एका खोलीमागे दोनांहून अधिक व्यक्ती असल्यास ती दाटी मानली गेली आणि स्वयंपाकघराची गणना खोलीत करायची नाही, असे ठरले. १९४४ मध्ये स्थापन झालेल्या गृहसंशोधन संस्थेने ओट्याची उंची, कपाटांची मांडणी, गृहिणीची दिवसभरातील चालपावले यांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यातून स्वयंपाकघराची मानके तयार झाली आणि १९५४ पासून 'चांगले निवासस्थान' या शासकीय मार्गदर्शिकेद्वारे ती कर्जसाहाय्यित घरबांधणीत लागू झाली. दुसऱ्या महायुद्धात कोळशाची आयात घटल्यामुळे स्टॉकहोमच्या मोकळ्या जागांत सरपणाच्या उंच थप्प्या रचाव्या लागल्या होत्या. ती आठवण ताजी असतानाच १९५० च्या दशकात शहरात एका केंद्रातून अनेक इमारतींना उष्णता पुरविण्याची व्यवस्था सुरू झाली.

बाजारपेठ आणि शैलीचे सार्वत्रिकीकरण

कार्यवादाच्या काटेकोरपणाला शहरातच एक पर्यायही निर्माण झाला होता. एस्ट्रिड एरिक्सॉन यांनी १९२४ मध्ये 'स्वेन्स्क्ट टेन' हे दुकान सुरू केले. व्हिएन्नातील ज्यू वास्तुविशारद योसेफ फ्रांक वाढत्या ज्यूद्वेषामुळे स्वीडनमध्ये आले आणि १९३४ पासून या दुकानासाठी काम करू लागले. मोठमोठ्या फुलापानांची छापील कापडे, वेगवेगळ्या काळांतील वस्तूंची सरमिसळ आणि पांढऱ्या भिंती ही त्यांची पद्धत होती. घर एकाच तत्त्वानुसार रचू नये, ते राहता राहता घडावे, अशी त्यांची भूमिका होती. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात 'स्वीडिश मॉडर्न' म्हणून जे जगापुढे आले, त्यात या सौम्य, रंगीत प्रवाहाचाही वाटा होता. म्हणजे आज निखळ स्वीडिश मानल्या जाणाऱ्या शैलीच्या जडणघडणीत एका निर्वासिताचे योगदान आहे.

युद्धोत्तर काळात लहान घरांना साजेसे, भिंतीला टांगता येणारे हलके फर्निचर लोकप्रिय झाले. निल्स स्ट्रिनिंग यांची तारेच्या कडांची 'स्ट्रिंग' मांडणी (१९४९) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. १९५४ मध्ये उद्घाटन झालेल्या वेलिंगब्यू उपनगरासारख्या वसाहतींत अशा फर्निचरला मोठा ग्राहकवर्ग लाभला. १९४३ मध्ये इंग्वार काम्प्राड यांनी स्थापन केलेल्या आयकिया या व्यवसायाने सुटे भाग घरी नेऊन जोडण्याची पद्धत रूढ केली आणि १९६५ मध्ये स्टॉकहोमच्या दक्षिणेस कुंगेन्स कुर्वा येथे विशाल विक्रीकेंद्र उघडले. त्याच वर्षी दहा वर्षांत दहा लाख घरे बांधण्याचा शासकीय कार्यक्रम सुरू झाला. टेन्स्टा, रिंकेब्यू यांसारखी उपनगरे त्यातून उभी राहिली. मानक मापाची सदनिका शासनाने दिली आणि तिच्यात बसणारे स्वस्त फर्निचर बाजाराने पुरविले. एलेन केय यांच्या पिढीला जे उपदेशाने साधले नव्हते ते किंमत, माप आणि सोय यांनी साधले.

मात्र या घरांच्या आत एकाच शैलीचे राज्य नव्हते. १९७० च्या आसपास नारिंगी, तपकिरी, हिरवे असे ठसठशीत रंग, मोठ्या नक्षीचे भिंतीकागद आणि पाइन लाकडाचे फर्निचर लोकप्रिय होते. स्टॉकहोम नगर संग्रहालयाने टेन्स्टा येथील एक सदनिका १९६९ मधील मूळ स्वरूपात सजवून जतन केली आहे. राजवाड्याप्रमाणे भाड्याच्या सदनिकेलाही ऐतिहासिक वास्तूचा मान मिळाला, ही बाब इतिहासलेखनाच्या बदलत्या दृष्टीची द्योतक आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ च्या बांधकाम नियमांनी उष्णतारोधनाच्या अटी कडक केल्या आणि तीन काचांच्या खिडक्या नव्या घरांत सर्वसामान्य झाल्या. १७६७ मध्ये इंधनटंचाईतून सुरू झालेला प्रवास अशा रीतीने पुन्हा इंधनटंचाईपाशीच येऊन पोहोचला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. स्टॉकहोममधील गृहसजावटीच्या शैलींमधील बदल हे इंधन, तापनव्यवस्था आणि प्रकाशसाधने यांतील बदलांशी घनिष्ठपणे निगडित आहेत. फिकट रंग, आरसे, हलके पडदे आणि खिडकीतील दिवे यांचा उगम काळोख व थंडी यांच्याशी केलेल्या व्यवहारात आहे. ऊब आणि उजेड स्वस्त झाल्यावर एकोणिसाव्या शतकातील धनिकांनी गडद दिवाणखाने पसंत केले, यावरून 'उपजत अभिरुची'चा समज टिकत नाही.

२. एकाच शहरात, एकाच काळात दिवाणखाना आणि चुलीभोवतीची खोली ही दोन भिन्न विश्वे नांदत होती. त्यामुळे शहराची 'एक शैली' असे विधान करताना ते कोणत्या वर्गाविषयी आहे हे स्पष्ट करणे आवश्यक ठरते.

३. 'सर्वांसाठी सौंदर्य' ही घोषणा वस्तूंच्या बाबतीत मर्यादित प्रमाणातच यशस्वी झाली. निळ्या लिलीची भांडी कामगाराच्या घरी पोहोचली नाहीत आणि राखीव खोली व्याख्यानांनी नाहीशी झाली नाही. समान तापमान, पुरेसा उजेड, मोजूनमापून रचलेले स्वयंपाकघर आणि माणशी जागा यांबाबतीत मात्र ती बहुतांशी प्रत्यक्षात आली. अभिरुचीचे लोकशाहीकरण उपदेशापेक्षा सार्वजनिक सोयींच्या समान वाटपातून झाले.

४. सुधारक आणि रहिवासी यांच्यातील मतभेद हा शहाणपण आणि अज्ञान यांच्यातील वाद नव्हता. राखीव खोलीमागे इंधनाचा हिशेब आणि प्रतिष्ठेची गरज दोन्ही होती. गृहनिर्माणाचे धोरण आखताना रहिवाशांच्या प्रथांमागील कारणे समजून घेण्याचे महत्त्व यातून अधोरेखित होते.

आज ही शैली जगभरच्या दुकानांत तयार स्वरूपात विकत मिळते आणि ज्या देशांत हिवाळी काळोखाचा अनुभव नाही तेथेही ती साधेपणाचे प्रतीक म्हणून स्वीकारली जाते. विकत मिळणाऱ्या त्या खुर्चीबरोबर सरपणाची टंचाई, पहाटे शेगडी पेटविणारी मोलकरीण, पोटभाडेकरूंची दाटी आणि सार्वजनिक गृहनिर्माणाचा दीर्घ संघर्ष येत नाही. तो संघर्ष पुन्हा दृष्टीसमोर आणणे हे सामाजिक इतिहासाचे कार्य आहे.